बाटली कोणाची?

१९८० च्या दशकात कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांमध्ये कॉलऱ्यासंबंधी एक प्रयोग झाला. घरात एकाला कॉलरा झाला, तर बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून काय करता येईल, हे शोधायचं होतं. काही घरांना पाण्यात टाकायला क्लोरीन दिला. काही घरांना फक्त अरुंद तोंडाची मातीची सुरई दिली आणि पिण्याचं पाणी हिच्यात ठेवा, एवढंच सांगितलं. ज्या घरांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यापेक्षा या दोन्ही गटांत लागण बरीच कमी झाली, आणि परिणामात सुरई क्लोरीनच्या मागे राहिली नाही. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडतो, पेल्याबरोबर बोटं बुडतात, आणि बोटांबरोबर जंतू पाण्यात उतरतात. सुरईत हात जातच नाही. पाणी ओतूनच घ्यावं लागतं. आपल्याकडे माठाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असायचं, पुढे माठालाच तोटी आली, त्यामागेही हीच जाण होती.

हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी तेच, माणसं तीच, गरिबी तीच. बदलला तो भांड्याचा आकार, आणि लागण कमी झाली. पाण्याचं भांडं हा सार्वजनिक आरोग्याचा भाग आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सिद्ध केलेलं नसेल. तेव्हा भांडं कसं असावं हे जो ठरवतो, तो नुसती विक्रीची सोय पाहत नसतो. त्यातला धोका कोणी सोसायचा आणि वापरून झाल्यावर ते भांडं कोणी निस्तरायचं, हेही तोच ठरवत असतो. आज बाटलीबंद पाण्याच्या धंद्यात हे दोन्ही निर्णय भांडं बनवणाऱ्याच्या सोयीने होतात आणि त्यांचा भार भलत्यांच्याच डोक्यावर पडतो. भांडं परत येईपर्यंत ते बनवणाऱ्याच्या मालकीचं आहे, असं कायद्याने ठरल्याशिवाय यात फरक पडणार नाही, असं माझं मत आहे.

बाटलीशी माझं वैर नाही. १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बिसलेरीचा कारखाना सुरू झाला, तेव्हा पाणी विकत कोण घेणार, असा प्रश्न लोकांना पडला होता. पाणी काचेच्या बाटलीत यायचं आणि गिऱ्हाईक म्हणजे मोठी हॉटेलं. चार वर्षांनी पार्लेच्या चौहानांनी तो धंदा ४ लाख रुपयांना घेतला. पुढे काच गेली, प्लॅस्टिक आलं, बाटली हलकी झाली आणि एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचली. तिने एक खरी गोष्ट दिली: सील. झाकण फिरवताना कडी तुटल्याचा जो आवाज येतो, तो ऐकून अनोळखी गावातही माणूस निर्धास्त पाणी पितो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं, तेव्हा चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा अवस्थेत या बाटल्यांनी माणसं सांभाळली. त्या बाटलीला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

मात्र सील हेच या भांड्याचं पुण्य असेल, तर सील नसलेल्या भांड्याचं काय? महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आज ज्या पाण्यावर कचेऱ्या, दुकानं आणि लग्नकार्यं चालतात, ते बहुतांशी थंड पाण्याच्या जारमधून येतं. हा जार एकदा नीट पाहावा. बाहेरून निळा किंवा हिरवा, आत पांढरा, मधल्या पोकळीत थंडावा टिकवणारा फेस. वर फिरकीचं झाकण, खाली दाबायची तोटी. भिंत जाड आणि अपारदर्शक, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. तळाच्या कोपऱ्यात आणि तोटी जिथे आत शिरते त्या खाचेत ब्रश पोचत नाही, आणि तिथेच बुळबुळीत थर धरतो. रात्री जार गोळा होतात, पहाटे नळीने भरले जातात, टेम्पोत चढतात. झाकणाला कडी नाही, चिकटपट्टी नाही, भरल्याची तारीख नाही. वाटेत कोणी उघडला तरी कळायची सोय नाही.

आता यातलं पाणी घ्या. ते आरओ यंत्रातून काढलेलं असतं आणि ‘आरओ’ हा शब्द ऐकला की माणूस निश्चिंत होतो. पण आरओ प्रकल्पात पाणी गाळणाऱ्या पडद्याचं रक्षण करण्यासाठी पाण्यातला क्लोरीन आधीच काढून टाकतात. पालिकेच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं भारतीय मानक सांगतं. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत येणारा राखणदार. पाइपात कुठे घाण शिरली तर तो तिथे थोडीफार झुंज देतो. आरओच्या पाण्यात हा राखणदार नसतो. अशा पाण्याचं रक्षण फक्त भांडं करू शकतं, आणि आपण ते भरतो बिनसीलच्या, आतून न घासता येणाऱ्या जारमध्ये.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. नांदेड, किरकटवाडी, धायरी अशा नव्याने पालिकेत आलेल्या गावांतली माणसं अंगातली ताकद जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. काहींना व्हेंटिलेटर लागला, काही दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि बोट पाण्याकडे वळलं. घाबरलेल्या लोकांनी नळ सोडून जार धरले. मग पालिकेने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तर त्यातही अनेक ठिकाणी कोलिफॉर्म जिवाणू निघाले आणि कित्येक प्रकल्प बंद करावे लागले. पैसे मोजून लोक ज्याच्या आसऱ्याला गेले, तेच पाणी प्यायच्या लायकीचं नव्हतं.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. सीलबंद पाण्यासाठी आपल्याकडे आयएस १४५४३ हे मानक आहे. २००१ पासून त्याचं प्रमाणपत्र सक्तीचं होतं. २०२४ मध्ये ती सक्ती काढून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी अतिजोखमीच्या अन्नाच्या गटात घातलं आणि वार्षिक तपासणी लावली. ही व्यवस्था परिपूर्ण नसेल, पण निदान व्यवस्था आहे. जारचं पाणी तिच्यातून सुटतं, कारण सील नाही म्हणून ते ‘पॅकेज्ड’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे भांड्यातली उणीव हीच विक्रेत्याची ढाल झाली आहे. चांगलं झाकण बसवलं की कायदा लागू होतो. झाकण बसवलंच नाही की कायदा दूर राहतो. असा उलटा नियम असताना प्रामाणिक विक्रेत्याने तरी कडीचं झाकण का बसवावं? कडी, भरल्याची तारीख आणि आतपर्यंत हात जाऊन घासता येईल असा जार, एवढ्या तीन गोष्टी परवान्याच्या अटीत घातल्या तरी हा धंदा निम्मा सुधारेल. त्यासाठी नवं विज्ञान लागत नाही.

कंपन्यांच्या सीलबंद बाटलीकडे वळलो, तर तिथे भार ढकलण्याची रीत अधिक सभ्य आहे. बाटली रंगहीन आणि पारदर्शक असावी असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. गढूळपणा आणि कचरा दिसला पाहिजे. पण नितळ दिसणं म्हणजे शुद्ध असणं नव्हे, आणि लेबल नेमका हाच घोटाळा करतं. बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी आरओतून काढून भरलेलं असतं आणि लेबलावर बर्फाची शिखरं असतात. मराठवाड्यातल्या औद्योगिक वसाहतीत भरलेल्या बाटलीवर हिमालय कशासाठी? पाणी कुठून उपसलं, कोणत्या महिन्यात तपासलं, त्यात क्षार किती आहेत, हे ठळक अक्षरांत छापायला जागा नसते. डोंगराला मात्र असते.

गंमत अशी की पारदर्शकतेचा खरा आरोग्यदायी उपयोग ज्यांनी शोधला, त्यांना पाणी विकायचंच नव्हतं. लेबल काढलेल्या पारदर्शक पेट प्लॅस्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात ठेवली, तर सूर्याची अतिनील किरणं आणि उष्णता मिळून बहुतेक जंतू मारतात. आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस लागतात. बैरुतमध्ये या कल्पनेवर पहिलं काम झालं आणि १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या एआवाग या संस्थेने तपासून ती गरीब देशांत पसरवली. विकणाऱ्याने जी बाटली फेकून देण्यासाठी घडवली, तीच कोणाच्या तरी पत्र्याच्या छपरावर औषधाचं काम करते.

लेबलावर आणखी दोन सूचना बारीक अक्षरांत असतात. एक, थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा. दुसरी, वापरानंतर बाटली चुरगळा. पहिली सूचना चंद्रपूरच्या मे महिन्यात, दुकानाबाहेर फूटपाथवर रचलेल्या खोक्यांवरही छापलेली असते. पेट बनवताना अँटिमनीचं संयुग वापरतात आणि उष्णतेने त्याचा अंश पाण्यात उतरतो. अॅरिझोना स्टेट विद्यापीठात २००८ मध्ये याची मोजणी झाली: अमेरिकेची मर्यादा ओलांडायला ६० अंशांवर १७६ दिवस लागले, ८० अंशांवर मात्र अडीच दिवससुद्धा लागले नाहीत. म्हणजे दुपारभर गाडीत राहिलेली बाटली प्यायली म्हणून कोणी घाबरून जायचं कारण नाही. पण महिनोन्‌महिने पत्र्याच्या गोदामात तापणाऱ्या साठ्याचा प्रश्न खरा आहे. मायक्रोप्लॅस्टिकचंही तसंच. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडच्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लॅस्टिकचे कण मोजले. त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे. या कणांनी शरीरात नेमकं काय होतं, हे अजून ठरलेलं नाही आणि त्यावरून भीती पसरवणं मला मान्य नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ऊन टाळायची जबाबदारी वाहतूकदारावर आणि वितरकावर टाकायला हवी होती, ती बारीक अक्षरांत छापून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली आहे. एसटी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाने ही बाटली गेले तीन महिने कुठे होती, हे कसं ओळखावं?

‘चुरगळा’ या सूचनेमागे भीती खरी आहे. रिकाम्या बाटल्या वेचून त्यात नळाचं पाणी भरून त्या पुन्हा विकण्याचे प्रकार रेल्वे स्थानकांवर पूर्वापार चालत आले आहेत. पण बाटली निर्माता परत घेत नाही, म्हणून ती कोणाच्याही हाती लागते. आणि ती कोणाच्याही हाती लागते, म्हणून प्रवाशाने ती नष्ट करायची. सगळं घडतं ते बाटली बेवारस असल्यामुळे.

आणि बेवारस बाटली शेवटी जाते ती कचरावेचक बाईच्या गोणीत. आपल्या देशात पेट बाटल्या मोठ्या प्रमाणावर गोळा होतात याचा कंपन्या अभिमानाने उल्लेख करतात, पण ते श्रेय या बायांचं आहे. त्यांच्या कामाकडे पाहिलं की बाटली घडवणाऱ्याचा एकेक निर्णय दिसू लागतो. झाकण आणि त्याखालची कडी वेगळ्या प्लॅस्टिकची असते. ते प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं आणि पेट बुडतं, त्यामुळे कारखान्यात दोन्ही वेगळी करता येतात. हे बरं. पण काही पेयांच्या बाटल्यांना पीव्हीसीची चकचकीत आवळती बाही चढवतात. पीव्हीसीची घनता पेटच्या जवळपास सारखीच, म्हणून ते पेटबरोबरच तळाशी जातं आणि पुढे वितळवताना सगळा माल पिवळा करून टाकतं. त्यामुळे ती बाही आधी हाताने ब्लेडने कापावी लागते. रंगीत बाटलीला भाव कमी मिळतो. स्प्राइटने अमेरिकेत २०२२ मध्ये आपली प्रसिद्ध हिरवी बाटली सोडून रंगहीन बाटली घेतली ती याचसाठी. पाण्याच्या पाऊचला तर वजनच नाही. दिवसभर वेचले तरी किलो भरत नाही, म्हणून ते कोणी उचलत नाही आणि पावसाळ्यात तेच गटारात अडकतात. मंगल कार्यालयातल्या २०० मिलिलिटरच्या बाटल्यांचीही हीच तऱ्हा: दोन घोट पिऊन खुर्चीखाली टाकलेल्या, अर्ध्या भरलेल्या. त्या वेचणारीला प्रत्येक बाटली आधी ओतून रिकामी करावी लागते. पाण्याच्या मानाने प्लॅस्टिकही छोट्या बाटलीलाच सर्वांत जास्त लागतं. मुंबईच्या कार्यालयात बसून बाहीचा रंग ठरवणाऱ्या डिझायनरने ब्लेडचं ते काम एक दिवस पाहिलं असतं, तर निर्णय वेगळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात पाणी आणि कचरा या दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाने हात घातला होता. १९७० च्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा चार दशकांहून अधिक काळ लोटला होता, तरी गावोगावी दलितांचं पाणी वेगळं होतं. पुढे १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यामागेही बाबा होते. मला हा योगायोग वाटत नाही. पाणवठ्यावर कोण येऊ शकतो आणि घाण कोणी उचलायची, या दोन्ही गोष्टी आपल्या समाजात एकाच उतरंडीने ठरवल्या. विकत पाण्याने तीच उतरंड नव्याने मांडली: ज्याच्या खिशात बाटलीपुरते पैसे आहेत त्याला सील, ज्याच्याकडे नाहीत त्याला बिनभरवशाचा नळ, आणि बाटली उचलायला मात्र पुन्हा तीच माणसं, त्याच जातींतली.

उपाय काही अद्भुत नाही. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट ठेव द्यावी लागते. बाटली परत केली की पैसे परत. तिथे राहणाऱ्या मराठी मुलांनाही महिन्याअखेरीस पिशवीभर बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालायची सवय लागते. तमिळनाडूत न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ मध्ये निलगिरीत सरकारी दारू दुकानांतल्या बाटल्यांवर १० रुपये ठेव लावली आणि जंगलात फुटणाऱ्या बाटल्या परत येऊ लागल्या. महाराष्ट्राने तर २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या मूळ अधिसूचनेतच बाटलीमागे १ आणि २ रुपये परत द्यायची तरतूद केली होती. उद्योगाने विरोध केला, तरतूद पातळ झाली, आणि बाटली परत घेणारी खिडकी फारशी कुठे उघडली नाही. त्याऐवजी आज देशभर उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची प्रमाणपत्रं चालतात: कंपनीने जितकं प्लॅस्टिक बाजारात आणलं, तितकं कोणीतरी कुठेतरी पुनर्वापरात घातल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. हिशेब जुळतो, पण कंपनीची स्वतःची बाटली तिच्याकडे परत येत नाही. परत येणाऱ्या बाटलीचा खर्च स्वतःला सोसावा लागला, तर कोणतीही कंपनी पीव्हीसीची बाही एका वर्षात सोडून देईल.

ठेवीवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. बाटलीला ५ रुपये किंमत आली की गिऱ्हाईक ती स्वतःच परत करेल, मग कचरावेचकांच्या गोणीत काय उरणार? गोणीतली सर्वांत चांगली वस्तूच काढून घेतली, तर आपण कचरा साफ करण्याच्या नावाखाली सर्वांत गरीब माणसाची भाकरी हिरावू. म्हणून बाटल्या परत घेणारी केंद्रं यंत्रांना आणि मॉलना न देता वेचकांच्या सहकारी संस्थांना द्यावीत आणि दर बाटलीमागे हाताळणीचा दर त्यांना मिळावा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही वेचकांची संस्था घरोघरी कचरा गोळा करते; हे काम त्यांना जमणार नाही असं कोणी म्हणू नये. ठेवीची सगळी आखणीच वेचकांना मध्ये ठेवून करावी लागेल. ही अट पाळायची नसेल, तर मी ठेवीच्या बाजूने उभा राहणार नाही.

२०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने एक अहवाल काढला, तो दुसऱ्याच बाजूने याच गोष्टीकडे येतो. जगात बाटलीबंद पाण्यावर दर वर्षी जो खर्च होतो, त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत कोट्यवधी लोकांना वर्षानुवर्षं नळाचं शुद्ध पाणी देता येईल, आणि बाटलीमुळे सरकारांचं अपयश झाकलं जातं, असं त्यात म्हटलं आहे. हे झाकलं जाणं आपण रोज पाहतो. पालिकेच्या सभागृहातच टेबलावर बाटल्या मांडलेल्या असतात. ज्यांनी नळाचं पाणी पिण्याजोगं ठेवायचं, तेच ते पीत नसतील तर बिघाडाची कळ त्यांना कशी लागणार? सिक्कीमने २०१६ मध्ये सरकारी कार्यालयांतून बाटलीबंद पाणी हद्दपार केलं आणि १ जानेवारी २०२२ पासून ते राज्यभर बंद केलं. महाराष्ट्र एवढं करू शकणार नाही, पण निदान सरकारी बैठकांत तरी नळाचं पाणी ठेवू शकतो.

आणि एक तारीख जवळ आहे. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. लाखो माणसं तहानलेली येतील आणि गोदावरीच्या काठी उभी राहतील. त्यासाठी निविदा निघत आहेत. त्या निविदांत चार अटी घालायला कोणाची हरकत असू नये: दर ठरावीक अंतरावर शिल्लक क्लोरीन तपासलेल्या पाण्याचे नळ, आणि त्या दिवशीचा आकडा तिथेच फळ्यावर लिहिलेला, बिनकडीच्या जारला मेळ्यात प्रवेश नाही, अर्धा लिटरपेक्षा लहान बाटली आणि पाऊच नाही, आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर परत मिळणारी ठेव, जी परत देणाऱ्या खिडक्यांवर नाशिकच्याच कचरावेचक बाया पगारी कामाला असतील. कंपन्या म्हणतील, इतक्या गर्दीत बाटली परत घेणं शक्य नाही. त्याच गर्दीत बाटली विकणं त्यांना शक्य होतं, तेव्हा परत घ्यायची माणसंही नेमता येतील. त्याचा खर्च निविदेतच, बाटलीच्या किमतीत धरून मागायला हवा.